शहर निवडण्याआधी ग्राहक मोजा: लोकसंख्येच्या आकड्यांवरून बाजारपेठ कशी ठरवायची

नव्या शहरात व्यवसाय सुरू करायचं ठरलं की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: तिथली लोकसंख्या किती? गुंतवणुकीचा निर्णय घेताना सगळ्यांत कमी उपयोगाचा आकडा हाच. तुमची सेवा त्यातल्या काहींनाच हवी असते, त्याहून कमी लोकांना परवडते आणि त्याहूनही कमी लोक तुमच्या दारापर्यंत येऊ शकतात. हे उरलेले लोक किती, हे जनगणनेच्या आणि सर्वेक्षणांच्या तक्त्यांवरून बऱ्यापैकी काढता येतं. मात्र हिशोबाची सुरुवात शहरापासून न करता स्वतःच्या खर्चापासून करावी लागते.

तुम्हाला किती ग्राहक लागतात?

दरमहा होणारा स्थिर खर्च घ्या: जागेचं भाडं, पगार, कर्जाचा हप्ता, वीज. एका ग्राहकाकडून मिळणाऱ्या रकमेतून त्याच्यावर होणारा बदलता खर्च वजा करा. स्थिर खर्चाला या उरलेल्या रकमेने भागलं की तोटा थांबवणारी ग्राहकसंख्या मिळते. एक पाळणाघर काढायचं आहे असं धरू. स्थिर खर्च ३०० एकक, एका मुलाची फी १० एकक, त्याच्यावरचा खर्च ४ एकक. ३०० भागिले ६, म्हणजे ५० मुलं. जागा ६० मुलांची असेल तर ५१व्या मुलापासून ६०व्या मुलापर्यंतच काय तो नफा. ही चिंचोळी पट्टी शहर निवडण्याआधीच दिसलेली बरी.

जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३मध्ये या विचाराला दोन मापं दिली. पहिलं उंबरठ्याचं: एखादी सेवा टिकण्यासाठी किमान किती मागणी हवी. दुसरं पल्ल्याचं: त्या सेवेसाठी माणूस जास्तीत जास्त किती लांब जाईल. पल्ल्याच्या आत उंबरठा ओलांडण्याइतकी मागणी असेल तरच ती सेवा तिथे टिकते. पुढे येणारं सगळं आकडेकाम या एका अटीसाठी आहे.

मोजायचं कुणाला?

वापरणारा, ठरवणारा आणि पैसे देणारा या तीन वेगवेगळ्या व्यक्ती असू शकतात. पाळणाघरात मूल राहतं, निर्णय आईवडील घेतात, आणि कधी फीचा वाटा त्यांची कंपनी उचलते. वृद्धांसाठीच्या घरपोच शुश्रूषेत पैसे देणारी मुलं दुसऱ्याच शहरात असतात, त्यामुळे वृद्धांच्या शहरातले उत्पन्नाचे आकडे तिथे फसवतात. म्हणून शोधायचा तक्ता कोणता, हे या तीन भूमिका वेगळ्या लिहून काढल्यावरच ठरवा.

दुसरा प्रश्न एककाचा. काही वस्तू माणशी विकल्या जातात, काही घरटी. फ्रिज, इंटरनेट जोडणी, घराचा विमा, स्वयंपाकघराची दुरुस्ती हे सगळं घरटी. हा फरक किती महत्त्वाचा आहे ते जपानमध्ये दिसतं. २०१०च्या जनगणनेत तिथे सुमारे १२.८१ कोटी लोक होते, २०२०मध्ये १२.६१ कोटी. त्याच काळात कुटुंबं मात्र सुमारे ५.१९ कोटींवरून ५.५८ कोटींवर गेली, कारण एकट्याने राहणारे वाढले. माणसांचा आकडा पाहून घरटी वस्तूची बाजारपेठ आकसतेय असं ठरवणारा तिथे चुकला असता. लहान आकाराच्या वस्तू सोडून मोठ्या कुटुंबाच्या आकाराच्या वस्तू बनवत राहणाराही चुकला असता.

तिसरा प्रकार घटनांचा. मूल होणं, लग्न, घर बदलणं, निवृत्ती अशा प्रसंगांवर चालणाऱ्या व्यवसायाने लोकांची संख्या मोजू नये, वर्षाला असे प्रसंग किती घडतात ते मोजावं. सामान हलवणाऱ्या व्यवसायासाठी पाच लाख वस्तीचं पण भाडेकरूंचं शहर दहा लाख वस्तीच्या स्वतःच्या घरात राहणाऱ्यांच्या शहरापेक्षा मोठं असू शकतं.

शहर म्हणजे नक्की कुठपर्यंत?

दोन शहरांचे आकडे शेजारी मांडण्याआधी त्यांच्या हद्दी पाहिल्याच पाहिजेत. चीनमधल्या चोंगछिंगची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत ३.२ कोटींच्या वर आहे. पण तिचं क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास ऑस्ट्रिया देशाएवढं, आणि त्यातला मोठा भाग डोंगर आणि शेती. पॅरिसचं उलट आहे. खुद्द शहराच्या हद्दीत एकवीस लाखांच्या आसपास लोक, आणि भोवतालची सलग वस्ती धरली तर कोटीच्या पुढे. दोन्ही आकडे खरे, पण त्यांची तुलना निरर्थक.

यावर तोडगा म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२०मध्ये एक समान व्याख्या मान्य केली. जमिनीचे एक-एक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडायचे. जिथे दर चौकोनात किमान १,५०० लोक आहेत असे लागून असलेले चौकोन जोडायचे. त्यांची बेरीज ५०,००० च्या वर गेली तर ते शहर. वेगवेगळ्या देशांतल्या शहरांची तुलना करायची असेल तर पालिकेच्या हद्दीपेक्षा ही पद्धत कितीतरी बरी. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने अशा चौकोनी जाळीचे जागतिक नकाशे मोफत उपलब्ध केले आहेत.

हद्दीइतकीच वेळही महत्त्वाची. जनगणना माणसाला त्याच्या राहत्या ठिकाणी मोजते. लंडनच्या मधोमध असलेल्या 'सिटी ऑफ लंडन' या एका चौरस मैलाच्या भागात २०२१मध्ये जेमतेम साडेआठ हजार रहिवासी होते, पण तिथे कामाला येणारे पाच लाखांहून जास्त. दुपारच्या जेवणाचा, छपाईचा किंवा कार्यालयीन सेवेचा व्यवसाय रहिवाशांचा तक्ता पाहून ठरवला तर ही जागा पहिल्याच फेरीत बाद होईल. दिवसाची लोकसंख्या काढायची तर रहिवाशांतून बाहेर कामाला जाणारे वजा करा आणि बाहेरून येणारे मिळवा. अनेक देशांच्या जनगणनेत कामाचं ठिकाण विचारलेलं असतं. तो तक्ता वेगळा मागवावा लागतो आणि बरेच जण तो मागवतच नाहीत.

वय, घर, उत्पन्न

वयाचा मनोरा, म्हणजे वयोगटांचे थर एकावर एक रचलेला आलेख, काढताना पाच-पाच वर्षांचे गट घ्या. एकेरी वर्षांचे आकडे मोहात पाडतात, पण ज्यांना आपलं वय नेमकं माहीत नसतं ते ३०, ३५, ४० असं गोल सांगतात आणि त्या वर्षांना खोटे उंचवटे येतात. व्हिपल निर्देशांक हे गोलपण मोजतो: १०० म्हणजे गोलपण नाही, ५०० म्हणजे सगळ्यांनीच शेवटी ० किंवा ५ असलेलं वय सांगितलं.

मनोऱ्याच्या मधला फुगवटा पाहून 'तरुण शहर, म्हणजे तरुण कुटुंबं' असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. दुबईत कामाच्या वयाचे लोक भरपूर आहेत, पण लोकसंख्येत दोनतृतीयांशाच्या आसपास पुरुष आहेत, आणि त्यांतले असंख्य कामगार कुटुंब मायदेशी ठेवून आलेले. तिथे वयोगट पाहून बालसेवांचा अंदाज बांधला तर तो भलताच फुगेल. वयाबरोबर स्त्री-पुरुष प्रमाण आणि कुटुंबाचा प्रकार पाहिल्याशिवाय मनोरा वाचताच येत नाही.

उत्पन्नाच्या बाबतीत सरासरीपासून लांब राहा. नऊ घरांचं उत्पन्न २० आणि दहाव्याचं २२० असेल तर सरासरी ४० येते. ते ४० उत्पन्न एकाही घराचं नाही. मध्यक, म्हणजे घरं चढत्या क्रमाने मांडली तर मधोमध येणारा आकडा, २०च राहतो. मध्यकाहून उपयुक्त आकडा म्हणजे तुमच्या किमतीला परवडणाऱ्या पातळीच्या वर किती घरं आहेत, आणि तो उत्पन्नगटांच्या तक्त्यातून थेट मिळतो. त्यातही उत्पन्नातून आधी घरभाडं किंवा हप्ता वजा करा. समान उत्पन्नाच्या दोन शहरांत एकीकडे निम्मा पगार भाड्यात जात असेल, तर खरेदीची ताकद समान राहत नाही. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७मध्ये दाखवलं की उत्पन्न वाढतं तसा अन्नावरचा खर्चाचा वाटा घटतो. गरजेची वस्तू विकणाऱ्याने घरांची संख्या पाहावी, ऐच्छिक वस्तू विकणाऱ्याने वरच्या उत्पन्नगटांची जाडी, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

एक पूर्ण हिशोब

पाळणाघराचंच उदाहरण घेऊन दोन काल्पनिक शहरं मांडू. पहिलं दहा लाखांचं. ० ते ४ वयाची मुलं ७ टक्के, म्हणजे ७०,०००. पाळणाघरात पहिल्या वाढदिवसानंतरच घ्यायचं ठरवलं तर पाचांतली चार वर्षं, ५६,०००. आई नोकरीला जाणारी ३० टक्के: १६,८००. घरात आजी-आजोबा नाहीत अशी ६० टक्के: १०,०८०. फी परवडणारी निम्मी: ५,०४०. यांतले प्रत्यक्ष पाळणाघर निवडतील असे २५ टक्के: १,२६०.

दुसरं शहर वीस लाखांचं, पण वय झालेलं. मुलं ४ टक्के, म्हणजे ८०,०००. पाचांतली चार वर्षं, ६४,०००. नोकरदार आया २० टक्के, विभक्त कुटुंबं ४५ टक्के, परवडणारी ३० टक्के, निवडणारी तीच २५ टक्के. उत्तर ४३२. दुप्पट मोठ्या शहरात मागणी जवळपास एकतृतीयांश.

आता या हिशोबातली सगळ्यांत मोठी गफलत. टक्क्यांना टक्क्यांनी गुणताना आपण मुकाट्याने असं धरतो की या गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. प्रत्यक्षात संबंध दाट असतो. आई नोकरी करते त्या घराचं उत्पन्न जास्त असण्याची शक्यता मोठी, म्हणून '३० टक्के गुणिले ५० टक्के' हा आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येऊ शकतो. दुसरीकडे, आजी-आजोबा घरात आहेत म्हणूनच आई नोकरी करू शकते, अशी घरं बरीच असतील तर '३० गुणिले ६०' फुगलेला येतो. यावर खरा उपाय म्हणजे संयुक्त तक्ता, ज्यात 'नोकरदार आई, विभक्त कुटुंब, अमुक उत्पन्नाच्या वर' अशी घरं एकत्रच मोजलेली असतात. जनगणनेच्या नमुना नोंदींतून, म्हणजे नावं काढून टाकलेल्या एकेका घराच्या माहितीतून, तो बनवता येतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या 'आयपम्स' प्रकल्पात अनेक देशांच्या अशा नोंदी आहेत. छोट्या भागाच्या फक्त एकूण बेरजा मिळत असतील, तर मोठ्या भागातल्या संयुक्त तक्त्याचा आकार ठेवून तो छोट्या भागाच्या बेरजांशी आलटून पालटून जुळवतात. डेमिंग आणि स्टीफन यांनी १९४०मध्ये मांडलेली ही पद्धत साध्या स्प्रेडशीटमध्येही होते: आधी ओळींच्या बेरजा जुळवा, मग स्तंभांच्या, मग पुन्हा ओळींच्या, आकडे स्थिरावेपर्यंत.

मागणी आणि तुमच्या वाट्याची मागणी

पहिल्या शहरात १४ पाळणाघरं आधीच आहेत आणि प्रत्येकात ५० जागा आहेत, तर ७०० जागा भरल्या असं धरून ५६० मुलांची मागणी उरते. आपल्याला ५० हवीत. आकडा दिलासा देणारा वाटतो, पण ही ५६० मुलं शहरभर विखुरलेली आहेत. रोज सकाळी मुलाला सोडायला पालक पंधरा मिनिटांपलीकडे सहसा जात नाहीत असं धरलं, आणि त्या टापूत शहराचा आठवा भाग येत असला, तर तिथे ७० मुलं उरतात. तोटा थांबवायला त्यांतली ५० हवीत, म्हणजे ७१ टक्के. हा आराखडा जवळपास अशक्य आहे. शहर बरोबर असूनही सरासरी जागा चालणार नाही. मागणी दाटलेला भाग सापडला तरच पुढे जायचं. म्हणून वॉर्ड किंवा त्याहून लहान पातळीवर तोच हिशोब पुन्हा करावा लागतो, आणि अंतर सरळ रेषेत न मोजता रस्त्याने लागणाऱ्या वेळात मोजावं लागतं. नदी, रेल्वेमार्ग किंवा महामार्ग मध्ये असेल तर नकाशावरचं गोल वर्तुळ अर्धं निरुपयोगी असतं.

स्पर्धक जवळ असेल तर वाटा कसा पडेल, याचा अंदाज डेव्हिड हफ यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या सूत्राने काढतात. प्रत्येक दुकानाचं आकर्षण, उदाहरणार्थ आकार, त्याच्यापर्यंतच्या वेळेच्या वर्गाने भागायचं. आपला आकडा सगळ्यांच्या बेरजेने भागला की आपला वाटा. आपला आकार १००, अंतर १० मिनिटं: १०० भागिले १००, म्हणजे १. स्पर्धक २०० आकाराचा, २० मिनिटांवर: २०० भागिले ४००, म्हणजे ०.५. आपला वाटा १ भागिले १.५, सुमारे ६७ टक्के. तोच स्पर्धक १० मिनिटांवर आला की त्याचा आकडा २ होतो आणि आपला वाटा ३३ टक्क्यांवर घसरतो. वर्गाऐवजी कोणता घात घ्यायचा हे व्यवसायावर ठरतं. रोजच्या खरेदीला अंतर फार खुपतं, क्वचितच्या महागड्या खरेदीला कमी. मिळेल तिथे प्रत्यक्ष ग्राहकांच्या पत्त्यांवरून तो घात बसवा.

आजचं शहर आणि पाच वर्षांनंतरचं

वाढीचा दर वाचताना ती वाढ कुठून आली ते सुटं करा: जन्म वजा मृत्यू, आलेले वजा गेलेले, आणि हद्दवाढ. शेजारची गावं पालिकेत सामील झाली तर कागदावर लोकसंख्या वाढते, पण नवा ग्राहक एकही येत नाही. जन्मांनी होणारी वाढ आधी बालसेवांना आणि शाळांना मिळते. स्थलांतराने आलेली माणसं पहिल्याच दिवसापासून भाडं, प्रवास आणि जेवण यांवर खर्च करू लागतात. स्थलांतर मात्र उलटूही शकतं. मोटार उद्योगावर उभ्या असलेल्या अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात १९५०मध्ये सुमारे १८.५ लाख लोक होते, २०२०मध्ये सुमारे ६.४ लाख. एका उद्योगावर उभं असलेलं शहर निवडताना त्या उद्योगातल्या रोजगाराचा वाटा लोकसंख्येच्या तक्त्याशेजारीच मांडून ठेवा.

टक्केवारीचा वेग समजायला ७०ला वाढीच्या दराने भागा. वर्षाला २ टक्के दराने लोकसंख्या दुप्पट व्हायला ३५ वर्षं लागतात. तुमची गुंतवणूक पाच वर्षांत वसूल व्हायची असेल तर इतक्या वाढीवर विसंबून आराखडा काढू नका. पहिल्या वर्षाची मागणीच पुरेशी असली पाहिजे.

जनगणना साधारण दहा वर्षांनी होते आणि मधल्या काळात लोक म्हातारे होतात ही साधी गोष्ट विसरली जाते. आठ वर्षांपूर्वीच्या तक्त्यातली २ वर्षांची मुलं आज १० वर्षांची आहेत. प्रत्येक वयोगट पुढे सरकवा, त्यातून मृत्यू वजा करा, जन्मनोंदणीतून खालचे गट भरा आणि शाळेची पटसंख्या, नवी वीजजोडणी, बांधकाम परवाने यांवरून स्थलांतर ताडून पाहा. नव्या वसाहतींत हे विशेष जपावं लागतं. एकाच वर्षी घरं घेतलेली तरुण जोडपी एकाच वेळी पालक होतात; बालसेवांची मागणी उसळते, आणि काही वर्षांत सगळी मुलं एकदमच मोठी होऊन ती ओसरते. तिथे दहा वर्षांचा भाडेकरार करताना ही लाट डोक्यात हवी.

आकडा किती भरवशाचा?

उत्पन्न, खर्च आणि नोकरी यांचे आकडे बहुधा नमुना सर्वेक्षणातून येतात. ४०० घरांच्या नमुन्यात 'निम्म्या घरांकडे मोटार' असं आलं तर खरं प्रमाण साधारण ४५ ते ५५ टक्क्यांत असतं. त्याच सर्वेक्षणातून एका वॉर्डची २५ घरं वेगळी काढली तर ते ३० ते ७० टक्क्यांत कुठेही असू शकतं. वॉर्डनिहाय रंगीत नकाशा कितीही देखणा असला तरी त्यामागे किती घरं विचारली, हे आधी विचारा.

भागाच्या सरासरीवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढणं हीदेखील जुनी चूक आहे. समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५०मध्ये ती आकड्यांनिशी दाखवली. एखाद्या वॉर्डात वृद्ध जास्त आणि उत्पन्नही जास्त, म्हणून तिथले वृद्ध श्रीमंत, असं होत नाही. श्रीमंत कदाचित त्यांचे भाडेकरू असतील.

शहरांना गुण देऊन क्रमवारी लावायची पद्धत लोकप्रिय आहे, पण तिच्यावर आमचा विश्वास कमी आहे. लोकसंख्या, कुटुंबं, वाहनं, मोबाइल जोडण्या असे एकमेकांबरोबर हलणारे चार निकष घेतले की एकाच गोष्टीला चौपट गुण मिळतात, आणि आवडतं शहर वर येईपर्यंत भारांक हलवत बसणं फार सोपं असतं. त्यापेक्षा मागणीचा एकच आकडा काढा आणि तो वाकवून पाहा. पहिल्या शहराच्या हिशोबात विभक्त कुटुंबं, परवडणारी घरं आणि निवडणारे पालक हे तीन अंदाज सर्वांत कच्चे होते. ते तिन्ही त्यांच्या २० टक्क्यांनी कमी धरले, म्हणजे ६०चे ४८, ५०चे ४० आणि २५चे २० टक्के, तर १,२६० मुलांची ६४५ होतात. जागा आधीच ७०० आहेत. म्हणजे तीन बारीक चुकांनी ५६० मुलांची उरलेली मागणी नाहीशी झाली. अशा वेळी शहर लगेच टाकून देऊ नका. त्या तीन अंदाजांपैकी ज्याची खात्री सर्वांत कमी आहे तो जमिनीवर जाऊन पक्का करा. चालू पाळणाघरांच्या प्रतीक्षायाद्या विचारा, रिकाम्या जागा मोजा, दोन-तीनशे घरांची छोटी पाहणी करा. प्रतीक्षायादी असेल तर निवडणाऱ्यांचा अंदाज बहुधा कमी धरला गेला आहे. जागा रिकाम्या असतील तर ७०० चा आकडाच खोटा आहे, आणि दुरुस्ती तिथून सुरू होते.

व्यवसाय सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यापासून ग्राहकाचा पिनकोड, मुलाचं वय आणि येण्याचं साधन एवढ्या तीन गोष्टी त्यांच्या संमतीने नोंदवा. सहा महिन्यांनी त्या अंदाजाच्या तक्त्याशेजारी मांडल्या की पंधरा मिनिटांचा टापू खरा होता की दहाचा, हे कळतं. पुढच्या शहराचा हिशोब त्या बसवलेल्या आकड्यांवर करा.